फ्यूजन अणुभट्टीतली उष्णता जाते कुठे, आणि समुद्रात किती येईल?

बारावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या रत्नागिरीच्या एका मॅडमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "टोकामाकमधला (कड्याच्या आकाराच्या फ्यूजन भट्टीतला) प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, १५ कोटी अंशांचा असतो आणि चुंबकीय क्षेत्र त्याला भिंतीपासून लांब ठेवतं, असं मी मुलांना शिकवते. एका मुलाने विचारलं, भिंतीला लागतच नाही तर उष्णता बाहेर येते कशी? आणि असं केंद्र उद्या कोकणात आलं, तर जैतापूरच्या वेळी ज्यावर एवढा वाद झाला ते गरम पाणी इथेही समुद्रात सोडावं लागेल का?"

मॅडम, मुलाने नेमक्या जागी बोट ठेवलंय. प्लाझ्मा भिंतीला लागतो, आणि लागलाच पाहिजे. भट्टी सतत चालवायची तर आत तयार होणारी उष्णता तेवढ्याच वेगाने बाहेर पडायला हवी, आणि संमीलनातून (फ्यूजनमधून) उरलेला हेलियमही काढायला हवा. प्लाझ्मा कुठे लागेल, किती थंड होऊन लागेल, हे आपल्या हातात ठेवण्यासाठी चुंबकीय क्षेत्र आहे. एकूण उष्णता फार आहे अशी अडचण नाही. ती केवढ्याशा जागेवर उतरते, ही खरी अडचण आहे. आणि आजघडीला त्यावर एकच भरवशाचा उपाय हाती आहे: उष्णता ती झेलणाऱ्या धातूच्या प्लेटवर पोचण्याआधीच तिचा प्रकाश करून टाकायचा. उत्तराचा मोठा भाग यावरच खर्च करतो, समुद्राचं शेवटी घेऊ.

आकडे फ्रान्समध्ये कादाराशला उभारल्या जाणाऱ्या ईटर या आंतरराष्ट्रीय प्रायोगिक टोकामाकचे घेऊ, कारण त्यात भारतही भागीदार आहे आणि त्याची रचना बारकाईने जाहीर झालेली आहे. ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड भावंडांच्या एका संमीलनातून १७.६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते. त्यातले १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने चुंबक त्याला अडवत नाही. तो सरळ भिंतीत शिरतो आणि ब्लँकेट नावाच्या आवरणाच्या जाडीत आपटत आपटत थांबतो, त्यामुळे त्याची उष्णता आपोआप पसरलेली असते. उरलेले ३.५ हेलियमच्या केंद्रकाकडे राहतात. ते भारित असल्याने आतच अडकतं आणि प्लाझ्माला तापवतं. ईटरचं लक्ष्य ५०० मेगावॅट संमीलन-शक्तीचं आहे: ४०० न्यूट्रॉनांची, १०० हेलियमची. बाहेरून तापवायला ५० मेगावॅट घालायचे. म्हणजे प्लाझ्मातून बाहेर काढायचे ते १५० मेगावॅट. यातले साधारण एक-तृतीयांश गाभ्यातूनच क्ष-किरण आणि अतिनील प्रकाशाच्या रूपाने निघून जातात. उरलेले शंभरेक मेगावॅट कणांबरोबर कडेला येतात.

शंभर मेगावॅट म्हणजे वीजकेंद्रांच्या हिशेबात किरकोळ. तारापूरचा ५४० मेगावॅटचा एकेक संच याच्या दहापटीहून जास्त उष्णता सतत पाण्यावाटे काढतो. मग इथे घोडं अडतं कुठे?

प्लाझ्माच्या आतल्या चुंबकीय रेषा बंद पृष्ठभागांवर फिरतात. शेवटच्या बंद पृष्ठभागाला सेपरेट्रिक्स म्हणतात. त्याच्या बाहेरच्या रेषा उघड्या असतात आणि मुद्दाम खाली वळवलेल्या असतात, जिथे डायव्हर्टर नावाचा कप्पा बसवलेला असतो. आतून झिरपत आलेला कण सेपरेट्रिक्स ओलांडतो तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात: रेषेला आडवं सरकत भिंतीकडे जाणं, किंवा रेषेवरून धावत डायव्हर्टरकडे जाणं. आडवा प्रवास अत्यंत सावकाश, आणि रेषेवरचा पन्नास-साठ मीटरचा प्रवास पापणी लवायच्या आत. साहजिकच आडवं सरकायला वेळच मिळत नाही, आणि सगळी उष्णता एका पातळ थरातून खाली उतरते. कौलारू छपरावर सगळीकडे पडलेला पाऊस पागोळ्यांच्या एका रेषेत अंगणात उतरतो, तसंच हे.

हा थर किती पातळ? अनेक टोकामाकवरच्या मोजमापांचा एकत्रित हिशेब २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो या क्षेत्रातल्या सगळ्यांनाच जड गेला. थराची जाडी यंत्राच्या आकारावर जवळजवळ अवलंबूनच नाही, असं त्यातून दिसलं. ती ठरते पोलॉइडल, म्हणजे प्लाझ्माच्या कड्याला आडवं वेढणाऱ्या, चुंबकीय क्षेत्रावर. क्षेत्र वाढलं की थर आणखी पातळ. ईटरसाठी उत्तर येतं सुमारे १ मिलिमीटर. यंत्र मोठं केलं की शक्ती वाढते, पण ती उतरण्याची पट्टी रुंद होत नाही.

आता वर्गात फळ्यावर करता येईल असा हिशेब. डायव्हर्टरच्या बाहेरच्या प्लेटचा घेर साधारण २ × ३.१४ × ५.५, म्हणजे ३५ मीटर. रेषा खाली येताना फाकतात आणि प्लेट तिरकी ठेवलेली असते, त्यामुळे १ मिलिमीटरचे दहा मिलिमीटर झाले असं धरू. क्षेत्रफळ ०.३५ चौरस मीटर. शंभरपैकी ६० मेगावॅट या बाजूला आले, तर दर चौरस मीटरला १७० मेगावॅट. सूर्याच्या पृष्ठभागावरून दर चौरस मीटरला ६३ मेगावॅट बाहेर पडतात. आणि सतत सहन करू शकेल अशी आज बनवता येणारी उत्तम प्लेट घेते १० मेगावॅट. थोड्या वेळापुरते २०.

ही प्लेट कशी असते ते जवळून पाहू, कारण १० हा आकडा तिच्या अंतरंगातून येतो. टंगस्टनचे छोटे ठोकळे, २८ मिलिमीटर रुंद आणि नळीच्या दिशेने १२ मिलिमीटर जाड, मधोमध भोक पाडून एका नळीवर माळेसारखे ओवलेले. यांना मोनोब्लॉक म्हणतात. नळी तांबं-क्रोमियम-झिर्कोनियमच्या मिश्रधातूची, आतून १२ मिलिमीटर व्यासाची. टंगस्टन आणि नळीच्या मध्ये एक मिलिमीटर मऊ शुद्ध तांबं, कारण टंगस्टनपेक्षा तांबं तापल्यावर जवळजवळ चौपट प्रसरण पावतं आणि मधला मऊ थर ती ओढाताण गिळतो. नळीत पीळ दिलेली तांब्याची पट्टी असते. तिच्यामुळे पाणी गिरक्या घेत जातं आणि तापलेल्या बाजूवर तयार झालेले वाफेचे बुडबुडे लगेच निघून जातात. पाणी ७० अंशांना आत येतं, दाब सुमारे ४० बार, वेग सेकंदाला दहाएक मीटर.

पहिली मर्यादा टंगस्टनच्या जाडीची. पृष्ठभाग आणि नळी यांच्यामधल्या सहा मिलिमीटरमधून चौरस मीटरला १० मेगावॅट वाहिले की तेवढ्या जाडीतच सुमारे साडेपाचशे अंशांचा फरक पडतो. २० ला अकराशे. टंगस्टन वितळतं ३४२२ अंशांना, म्हणजे जागा भरपूर आहे असं वाटेल. पण १२००-१३०० अंशांच्या वर बराच वेळ ठेवलं की त्याचे स्फटिक नव्याने वाढतात आणि धातू मऊ होऊन तडकायला लागतो. चाचण्यांत २० मेगावॅटच्या आवर्तनांनंतर ठोकळ्याच्या मधोमध पृष्ठभागापासून नळीकडे जाणारी उभी भेग दिसते. ती उष्णतेच्या वाहण्याला समांतर असल्याने ठोकळा काम करत राहतो. आडवी भेग किंवा सुटलेला सांधा मात्र घातक: उष्णतेची वाट बंद, आणि वरचा भाग वितळतो. म्हणून दर सांध्याची अल्ट्रासाउंडने तपासणी आणि नमुन्यांची इलेक्ट्रॉन झोताखाली परीक्षा: १० मेगावॅटची ५००० आवर्तनं, २० ची ३००. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत अशी चाचणी-सुविधा आहे.

दुसरी मर्यादा पाण्याची. ४० बारला पाणी २५० अंशांना उकळतं. नळीच्या भिंतीवर थोडं उकळणं चांगलंच, त्याने उष्णता अधिक उचलली जाते. पण एका हद्दीपलीकडे बुडबुड्यांची सलग चादर होते, पाण्याचा धातूशी संबंध तुटतो आणि क्षणात नळी जळते. या हद्दीपासून किमान १.४ पट अंतर राखूनच नळीची रचना करतात. गंमत म्हणजे पाणी फारसं तापतच नाही. एका नळीतून सेकंदाला जेमतेम एक लिटर पाणी जातं. दहा सेंटिमीटर लांबीवर चौरस मीटरला १० मेगावॅट या दराने उष्णता उतरली तर ते होतात २८ किलोवॅट, आणि पाण्याचं तापमान वाढतं सहा अंशांनी.

तिसरी गोष्ट सुताराच्या कामासारखी दिसते, पण सगळ्यांत जास्त त्रास तीच देते. चुंबकीय रेषा प्लेटवर केवळ तीन अंशांच्या कोनात घासत येतात. शेजारचा ठोकळा ०.३ मिलिमीटरने जरी वर राहिला, तरी त्याची उघडी पडलेली कड रेषांना जवळजवळ काटकोनात सामोरी जाते आणि तिच्यावर सपाटीपेक्षा १९ पट मारा होतो. इंग्लंडमधल्या जेट यंत्रात अशी एक कड मुद्दाम उघडी ठेवून टंगस्टन वितळवून पाहिलं गेलं. उपाय म्हणून प्रत्येक ठोकळ्याच्या माथ्याला अर्धा मिलिमीटर उतार देतात, म्हणजे पुढच्याची कड मागच्याच्या सावलीत राहते. पण २८ मिलिमीटरवर अर्धा मिलिमीटर म्हणजे एक अंश. तीन अंशांचे चार झाले, आणि उरलेल्या सगळ्या माथ्यावर उष्णता तिसऱ्या हिश्श्याने वाढली. सवलत एका जागी घेतली की दुसरीकडे भरावी लागते, असं या विषयात पावलोपावली आहे.

थोडक्यात, १७० ची मागणी आणि १० ची ऐपत. धातू सुधारून ही दरी बुजणार नाही. म्हणून उष्णतेचा प्रकाश करायचा.

प्रकाशाला चुंबक दिसत नाही. तो सगळ्या दिशांनी जातो, आणि ईटरच्या आतल्या भिंतीचं क्षेत्रफळ सातशे चौरस मीटरच्या घरात आहे. पूर्ण १५० मेगावॅट जरी प्रकाश होऊन या भिंतीवर सारखे पसरले, तरी चौरस मीटरला पाव मेगावॅटही होत नाहीत. तेवढं पाण्याच्या साध्या वाहिन्यांनी निभतं.

ते करायचं असं. पहिली पायरी घनतेची. उघड्या रेषेवर वरच्या टोकापासून प्लेटपर्यंत दाब जवळजवळ सारखा असतो. यातून निघणारं साधं गणित सांगतं की वरच्या बाजूची घनता दुप्पट केली, तर प्लेटजवळचं तापमान चौथाईवर येतं आणि तिथली घनता आठपट होते. दाट आणि थंड वायू प्रकाश चांगला देतो. पण घनता हवी तेवढी वाढवता येत नाही. ग्रीनवाल्ड मर्यादा म्हणून ओळखली जाणारी हद्द प्लाझ्मातल्या विद्युतप्रवाहावर ठरते, ईटरसाठी ती घनमीटरला साधारण १.२ × १० चा २० वा घात इतके कण. तिच्या वर गेलं की प्लाझ्मा कोसळण्याचा धोका.

दुसरी पायरी परका वायू सोडण्याची. हायड्रोजनच्या अणूचा इलेक्ट्रॉन एकदा गेला की तो अणू रेषीय (ठराविक तरंगलांब्यांचा) प्रकाश देऊ शकत नाही. नायट्रोजन, निऑन, आर्गॉन यांच्याकडे इलेक्ट्रॉन उरलेले असतात. आदळआपट झाली की ते उत्तेजित होतात आणि प्रकाश फेकून परत खाली येतात. प्रत्येकाचं आवडतं तापमान वेगळं. नायट्रोजन १०-१५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास जोमाने प्रकाश देतो, म्हणजे बरोबर डायव्हर्टरमध्ये. निऑनला त्याहून जास्त तापमान लागतं. आर्गॉन डायव्हर्टरमध्येही चालतो आणि प्लाझ्माच्या कडेवरही. क्रिप्टॉन-झेनॉन आणखी आतल्या तप्त भागात. (एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे ११,६०० केल्व्हिन, फलकावर लिहून ठेवा, मुलं हमखास गोंधळतात.) प्रयोगांत नायट्रोजन सगळ्यांत सोयीचा ठरतो, पण ट्रिटियमच्या भट्टीत तो हायड्रोजनशी संयोग पावून अमोनिया करतो. ट्रिटियम त्यात अडकलं की इंधन शुद्ध करणाऱ्या विभागाचं काम कितीतरी वाढतं. म्हणून ईटरसाठी निऑनकडे कल आहे.

तिसरी पायरी म्हणजे डिटॅचमेंट, प्लाझ्माने प्लेट सोडणं. प्लेटजवळचं तापमान पाच इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली आलं की आयन आणि उदासीन अणू यांच्यात घासाघीस वाढते आणि प्लाझ्माचा वेग व दाब वाटेतच मरतो. आणखी खाली, एकाच्या आसपास, आयन आणि इलेक्ट्रॉन पुन्हा जोडले जाऊन साधा वायू होतो. प्लेटपाशी पोचतो तो कोमट वायूचा पडदा. याचा दुसरा मोठा फायदा झिजेचा. प्लेटच्या अगदी लगत एक विद्युत थर असतो, तो आयनांना तापमानाच्या कितीतरी पट ऊर्जेने प्लेटवर आदळवतो. तापमान पाचच्या खाली ठेवलं तर टंगस्टनचे अणू उखडणं जवळजवळ थांबतं.

मग बिनधास्त वायू सोडत का नाही? कारण हा पडदा एका जागी स्थिर राहत नाही. वायू कमी पडला तर तो प्लेटला परत चिकटतो. जास्त झाला तर वर सरकत क्ष-बिंदूपर्यंत, म्हणजे सेपरेट्रिक्स स्वतःला छेदते त्या जागेपर्यंत जातो आणि तिथून गाभ्यात शिरू पाहतो. गाभ्यात परके अणू गेले की दोन तोटे होतात: इंधन पातळ होतं, आणि गाभा स्वतःच प्रकाश देत थंड पडतो. शिवाय चांगल्या बंदिस्तीची जी अवस्था, एच-मोड, जर्मनीत गार्चिंगच्या असडेक्स यंत्रावर १९८२ मध्ये सापडली, तिला कडेवरून ठराविक शक्ती वाहत राहावी लागते. आतच सगळं प्रकाशात घालवलं तर ही अवस्था सुटते आणि संमीलन बसतं. उखडलेलं टंगस्टन आत गेलं तर अजून वाईट. लाख कणांत मोजके टंगस्टन अणूही गाभ्याला भारी पडतात, कारण त्यांचे सगळे इलेक्ट्रॉन तिथल्या तापमानालाही सुटत नाहीत आणि ते प्रकाश फेकतच राहतात.

वेळेचा हिशेब तर फार कडक आहे. समजा पडदा तुटला आणि प्लेटवर अचानक चौरस मीटरला ५० मेगावॅट आले. टंगस्टनच्या उष्णतावहनाचं साधं सूत्र लावलं तर पृष्ठभाग साधारण एका सेकंदाच्या आत वितळबिंदूला टेकतो. वायूची झडप उघडल्यापासून अणू नळीतून डायव्हर्टरपर्यंत पोचायलाच सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा जास्त जातो. म्हणून झडप यंत्राच्या जितकी जवळ बसवता येईल तितकी जवळ, आणि तिचा निर्णय संगणकाकडे. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं सर्वांत आश्वासक काम असडेक्स अपग्रेडवर झालं. तिथे प्रकाशाचा लखलखता पट्टा मुद्दाम क्ष-बिंदूच्या जरा वर धरून ठेवला गेला, नायट्रोजनच्या झडपेने त्याची उंची सांभाळली गेली, आणि त्या अवस्थेत कडेवरचे स्फोटही शमलेले दिसले.

या स्फोटांना ईएलएम म्हणतात. एच-मोडमध्ये कडेचा दाब साचतो आणि मिलिसेकंदाहून कमी वेळात एकदम फुटतो. ईटरमध्ये आवर घातला नाही तर एका फटक्यात २० मेगाज्यूलपर्यंत ऊर्जा सुटू शकते. प्लेट टिकायची तर ती एका मेगाज्यूलच्याही खाली ठेवावी लागेल. एवढ्या थोड्या वेळात पाणी काही करू शकत नाही, उष्णता पृष्ठभागाच्या पातळ पापुद्र्यातच राहते. म्हणून ईटरच्या आत २७ खास वेटोळी बसवायची आहेत, जी कडेच्या क्षेत्रात मुद्दाम सुरकुत्या पाडून दाब साचू देत नाहीत. संपूर्ण प्लाझ्मा कोसळला, ज्याला डिसरप्शन म्हणतात, तर साडेतीनशे मेगाज्यूलची उष्णता काही मिलिसेकंदांत सुटते. त्यावर उपायही प्रकाशाचाच: निऑन आणि हायड्रोजनची गोठवलेली गोळी फोडून तिचे तुकडे आत मारायचे, म्हणजे ऊर्जा एका जागी न पडता सगळीकडे उजळून जाते.

आता हेलियम. ५०० मेगावॅटला सेकंदाला सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास हेलियम तयार होतो. ऐकायला नगण्य, पण हेलियमचा प्रत्येक केंद्रक दोन इंधन-आयनांची जागा खातो, त्यामुळे साचला तर भट्टी स्वतःच विझते. डायव्हर्टरमध्ये उदासीन वायूचा दाब काही पास्कल तरी राहिला पाहिजे, तरच पंपाच्या तोंडाशी पुरेसा वायू पोचतो. उष्णतेसाठी जो दाट पडदा हवा, तोच इथेही कामी येतो. ईटरचे सहा मुख्य क्रायोपंप आत ४.५ केल्व्हिनपर्यंत थंड केलेल्या पट्ट्यांवर वायू गोठवून धरतात. पण हेलियम या तापमानालाही गोठत नाही. तो शोषून घ्यायला पट्ट्यांवर नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशाचा थर असतो. त्याची अतिसूक्ष्म छिद्रं हेलियम पकडून ठेवतात. कोकणातल्या मुलांना हे जरूर सांगा. पंप भरले की आळीपाळीने बंद करून तापवायचे आणि वायू ट्रिटियम विभागाकडे पाठवायचा. एका पंपात हायड्रोजन किती साचू द्यायचा याला कडक मर्यादा असते, कारण चुकून हवा शिरली तर स्फोटक मिश्रण होऊ शकतं.

हेलियम प्लेटलाही सतावतो. हजार-दोन हजार केल्व्हिनवर तापलेल्या टंगस्टनवर वीसेक इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जेचे हेलियम-आयन पडत राहिले, की पृष्ठभागावर बुरशीसारखे धातूचे तंतू उगवतात. आधी कार्बन वापरत, तो वितळत नाही. पण झिजलेला कार्बन कोपऱ्याकोपऱ्यांत ट्रिटियमसह साठतो, हे जेटवर दिसून आलं. म्हणून ईटरने डायव्हर्टरमधून कार्बन वगळला, आणि अलीकडे पहिल्या भिंतीसाठीही बेरिलियमऐवजी टंगस्टन घेतलं.

हे सगळं दिसतं कसं? प्रकाशाची शक्ती बोलोमीटर मोजतात: धातूचा अत्यंत पातळ पापुद्रा, त्याच्या पाठीवर रोधक, आणि रोध किती बदलला यावरून किती वॅट पडले ते कळतं. अनेक दिशांच्या अशा रेषा जुळवून प्रकाशाचा नकाशा काढतात. प्लेटचं तापमान अवरक्त कॅमेऱ्याने बघतात, पण टंगस्टन चकाकतं आणि शेजारच्या तप्त भागाचं प्रतिबिंब खरं तापमान वाटू शकतं. म्हणून कॅमेऱ्यावर एकट्यावर विसंबू नये. आतले थर्मोकपल आणि परतीच्या पाण्याचं तापमान यांचा मेळ बसला पाहिजे. वायू ज्या एका-दोन ठिकाणांहून सोडतात तिथे प्रकाशही जास्त असतो, आणि भिंतीमधल्या फटींतून तो मागच्या केबलांपर्यंत पोचतो. रचनेत हे हमखास निसटतं.

घनता-वायूच्या खेळापलीकडे आकार बदलूनही थोडं मिळतं. इंग्लंडच्या मास्ट अपग्रेड यंत्रात डायव्हर्टरचा पाय, म्हणजे प्लेटकडे उतरणारा प्लाझ्माचा पट्टा, लांब बाहेर ओढला आहे, आणि प्लेटवरचा भार साधारण दहापट कमी झाल्याचं २०२१ मध्ये दिसलं. त्यासाठी चुंबकांच्या आत जागा लागते, आणि मोठ्या भट्टीत तीच सगळ्यांत महाग. फ्रान्सच्या वेस्ट टोकामाकने फेब्रुवारी २०२५ मध्ये टंगस्टनच्या भिंतीत १३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला, पण शक्ती दोनच मेगावॅट होती. वेळ आणि शक्ती एकत्र साधणं बाकी आहे. वीज देणारी भट्टी दोन हजार मेगावॅटची झाली, तर एकट्या हेलियमची शक्ती ४०० मेगावॅट; त्यातली ९५ टक्क्यांच्या आसपास प्रकाशात घालवावी लागेल.

आता समुद्र. प्लेटवरचे चौरस मीटरला १७० मेगावॅट आणि समुद्रात जाणारं पाणी यांचा थेट संबंध नाही. डायव्हर्टरमध्ये समुद्राचं पाणी कधीच जात नाही; क्लोराइडने नळी कुरतडली जाईल. तिथे शुद्ध पाणी बंद चक्रात फिरतं. १४ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे न्यूट्रॉन त्या पाण्यातल्या ऑक्सिजनपासून नायट्रोजन-१६ तयार करतात. त्याचं अर्धायुष्य सात सेकंदांचं, पण भट्टी चालू असताना त्या नळ्यांजवळ उभं राहता येत नाही. ट्रिटियमही धातूतून झिरपून पाण्यात येऊ शकतं. म्हणून आतलं पाणी आणि समुद्र यांच्यामध्ये आणखी एक चक्र ठेवलं पाहिजे, आणि त्यातल्या ट्रिटियमवर सतत नजर. किनाऱ्यावर कोणी असा प्रकल्प मांडला तर पहिला प्रश्न या मधल्या चक्राचा विचारावा.

गरम पाण्याचं प्रमाण ठरतं केंद्राच्या कार्यक्षमतेवर. हजार मेगावॅट वीज द्यायची आणि एकूण कार्यक्षमता ३३-३५ टक्के धरली, तर सुमारे २००० मेगावॅट उष्णता टाकून द्यावी लागते. भारतात किनाऱ्यावरच्या औष्णिक केंद्रांना परतीचं पाणी भोवतालच्या पाण्यापेक्षा ७ अंशांहून जास्त गरम सोडता येत नाही. तेवढ्या फरकात २००० मेगावॅट न्यायला सेकंदाला सत्तरेक घनमीटर पाणी लागतं. तेवढ्याच विजेचं विखंडनाचं केंद्र याच्या आसपासच पाणी मागतं. संमीलन आहे म्हणून समुद्राला सूट मिळत नाही, उलट चुंबक, अतिशीत यंत्रणा आणि प्लाझ्मा तापवणं यांत बरीच वीज आतल्या आत खर्च होत असल्याने पहिल्या केंद्रांची निव्वळ कार्यक्षमता कमीच असेल. डायव्हर्टरचं पाणी तर तांब्याच्या नळीमुळे फार तापवता येत नाही, त्यामुळे ते टर्बाइनला वाफ देऊ शकत नाही. फीडवॉटर, म्हणजे वाफ करण्यासाठी आत जाणारं पाणी, आधी कोमट करायला वापरता येतं.

शीतमनोरे लावले तर? ईटर तेच करतं, प्रोव्हान्सच्या कालव्याचं पाणी घेऊन. त्या शीतकरण यंत्रणेतला मोठा वाटा भारताकडून गेला आहे. पण मनोऱ्यातलं पाणी ओलं फडकं गुंडाळलेली तापमापी हवेत जे तापमान दाखवते त्याच्या खाली थंड होऊ शकत नाही, आणि पावसाळ्यात कोकणात ती पंचवीस-सव्वीस अंश दाखवते. वर गोडं पाणी वाफ होऊन जाणार, तेही मे महिन्यात, जेव्हा वाड्यावाड्यांवर टँकर चालू असतात. त्यामुळे इथे हिशेब बहुधा समुद्राच्याच बाजूने लागेल.

मग पाहायच्या गोष्टी नेहमीच्याच, आणि मच्छीमारांनी जैतापूरच्या वेळी विचारलेल्याच: पाणी कुठून उचलणार, किती खोलीवर आणि किनाऱ्यापासून किती लांब सोडणार, भरती-ओहोटीत आणि पावसाळ्यात पट्टा कुठे सरकणार. उचलतानाचा वेग कमी ठेवला नाही तर अंडी आणि पिल्लं जाळीतून आत ओढली जातात; गरम पाण्याइतकाच हा तोटा मोठा, पण त्यावर बोललं कमी जातं. खाडीच्या मुखाजवळ तोंड ठेवलं तर पावसाळी गाळ पंपात येतो. नळांत कालवं आणि बार्नॅकल धरू नयेत म्हणून समुद्राच्याच पाण्यापासून क्लोरीन तयार करून सोडतात. परतीच्या पाण्यात त्याचा अंश किती उरतो, हे तापमानाबरोबरच रोज मोजलं पाहिजे. कंडेन्सरच्या नळ्या टायटॅनियमच्या घेतल्या तर खारं पाणी त्यांना वर्षानुवर्षं काही करत नाही.